नांगर वळतो तिथली बाभूळ

बाभूळ हे शेंगा धरणाऱ्या कुळातले काटेरी झाड. मोकळे वाढू दिले तर ते दहा-पंधरा मीटर उंच होते. शेळ्यांच्या तोंडी सतत सापडणारे रोप मात्र वर्षानुवर्षे कमरेएवढे झुडूपच राहते, आणि बांधावर, कालव्याच्या भरावावर, रस्त्याच्या कडेला नजरेस पडते ती बहुधा हीच झुडपी बाभूळ. मराठी माणसाला बाभूळ म्हटली की कोरडवाहू माळ आठवतो, भेगाळलेली काळी जमीन आठवते, विहिरीवर ओणवलेल्या फांदीला लोंबणारी सुगरणीची घरटी आठवतात. तंजावर जिल्ह्यातल्या पापनाशमला ती भेटते तेव्हा म्हणूनच जरा चुकल्यासारखे वाटते, कारण इथे माळ नाही आणि काळी जमीनही नाही. नजर पोचेल तिथवर भात आहे.

तमिळनाडूत पापनाशम नावाची दोन गावे आहेत. एक तिरुनेलवेलीकडे, डोंगरातून उतरणाऱ्या ताम्रपर्णीच्या काठी. दुसरे हे, तंजावर आणि कुंभकोणम यांच्यामधले, तालुक्याचे ठिकाण. कल्लणैच्या बंधाऱ्यापाशी कावेरीला फाटे फुटतात, त्या फाट्यांना पुढे आणखी फाटे फुटतात, आणि कुडमुरुट्टि, तिरुमलैराजन अशा नावांच्या नद्या या तालुक्याच्या शिवारात पाटांसारख्या पसरतात. नदी आणि कालवा यांतला फरक इथे परक्याला चटकन कळत नाही. गावालगतच्या तिरुप्पालैतुरैच्या शिवमंदिरात नायक राजांच्या काळातले विटांचे प्रचंड धान्यकोठार आजही उभे आहे. ते पाहिले की या मातीत भाताचे राज्य किती जुने आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. अशा गाळाच्या, इंच इंच लागवडीखाली आलेल्या प्रदेशात बाभळीला जागा मिळते तरी कुठे, हाच इथल्या बाभळीबद्दलचा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर अर्धे तिच्या अंगरचनेत आहे आणि अर्धे इथल्या पाण्याच्या वेळापत्रकात.

अंगकाठी

बाभळीचे शास्त्रीय नाव व्हॅचेलिया निलोटिका. निलोटिका म्हणजे नाईल नदीकाठची. कोरड्या माळाचे झाड अशी ख्याती असलेल्या या झाडाच्या नावातच एक मोठी नदी वाहते आहे, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे. भारतात सर्वत्र आढळणाऱ्या उपजातीला इंडिका म्हणतात, आणि पापनाशमच्या बांधांवर आहे ती हीच.

कोवळ्या फांद्या हिरवट-तपकिरी आणि लवदार असतात. खोडाची साल वयानुसार काळपट होत जाते आणि तिला उभ्या खोल भेगा पडतात. पान पिसासारखे, दोनदा विभागलेले असते. मधल्या देठावर तीन ते सहा, क्वचित त्याहून जास्त जोड्या छोट्या पिसांच्या, आणि प्रत्येक पिसावर दहा ते तीस जोड्या अगदी बारीक पर्णिकांच्या. एक पर्णिका फार तर पाच-सहा मिलिमीटर लांब. संध्याकाळ झाली की या पर्णिका एकमेकींना चिकटून मिटतात. दुपारी हिरवे दिसणारे झुडूप अंधार पडताना एकदम विरळ वाटू लागते ते त्यामुळे. इतक्या लहान पर्णिकांतून ऊन खाली झिरपते, म्हणून बाभळीची सावली कधी दाट नसते. देठाच्या बुडाशी एक बारीकशी ग्रंथी असते. तिच्यातून गोड रस पाझरतो आणि मुंग्या तिच्यासाठी फांद्यांवर फेऱ्या घालतात.

काटे जोडीने येतात. पानाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना जी उपपर्णे असायची, त्यांचेच हे काटे झालेले असतात. ते सरळ, पांढरट आणि टोकाला सुईसारखे. रोपट्यावर आणि खालच्या फांद्यांवर ते लांब असतात, पाच सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक. झाड शेळीच्या मानेपलीकडे गेले की वरच्या फांद्यांवरचे काटे आखूड होत जातात, जुन्या झाडाच्या शेंड्याला तर काही ठिकाणी ते नावापुरतेच उरतात. खुडल्या जाणाऱ्या फांदीवर पुन्हा लांब काटे येतात. झाडाला धोका कुठवर पोचतो याची जणू खूणच काट्यांच्या लांबीने काढलेली असते. शेळी तरीही खाते, पण काट्यांमधून ओठाने एकेक पीस वेचत खावे लागत असल्याने सावकाश खाते. तेवढ्या सवडीत झुडूप तग धरते.

फुले पिवळीधमक, मधुर मंद वासाची, वाटाण्याहून थोड्या मोठ्या गोंड्यांत येतात. एका गोंड्यात बारीक फुले दाटीने बसलेली असतात, आणि जो पिवळा पिसारा दिसतो तो पाकळ्यांचा नसून पुंकेसरांचा असतो. परागकण सुटे न राहता अनेकांचा एक पुंजका होऊन राहतात. मधमाशीच्या पायाला असा एक पुंजका लागला तरी एका शेंगेतल्या सगळ्या बियांची सोय होऊ शकते. गोंडे पावसाळ्याच्या सुरुवातीपासून येऊ लागतात, काही भागांत हिवाळ्यात दुसऱ्यांदा येतात. एवढ्या फुलांपैकी शेंग धरणारी फुले मात्र फारच थोडी.

शेंग ही इंडिका उपजातीची खरी ओळखखूण. प्रत्येक बीनंतर शेंग इतकी आवळलेली असते की करड्या मखमलीत ओवलेली मण्यांची माळ वाटावी. आफ्रिकेतल्या बऱ्याच उपजातींच्या शेंगांच्या कडा अशा आवळलेल्या नसतात. एका शेंगेत आठ ते बारा बिया असतात. वाळलेल्या शेंगा पायाला बांधून पैंजण वाजवत फिरणारी पोरे दख्खनच्या खेड्यांत अनेकांनी पाहिलेली असतील.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी बाभळीत आणखी भेद केले आहेत, आणि वनस्पतिशास्त्राने ते मुकाट्याने मान्य केले आहेत. फांद्या खराट्यासारख्या उभ्या जाणारी ती रामकाठी. ती शास्त्रात सुरूसदृश या अर्थाच्या नावाने वेगळी उपजाती ठरली. वेडीवाकडी वाढणारी ती वेडी बाभूळ. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची प्रसिद्ध केली, तिच्यात या वेड्या बाभळीला 'वेदियाना' असे लॅटिन नाव मिळाले. मराठी विशेषणाला लॅटिन प्रत्यय लागल्याचे असे उदाहरण विरळाच.

शेळी, मेंढी आणि बारा जून

बाभळीच्या बीचे कवच दगडासारखे टणक असते. नुसत्या पावसाने ते फुटत नाही, आणि जमिनीत पडलेले बी काही वर्षे तसेच जिवंत राहू शकते. त्याला जाग आणायची तर कवच कुठेतरी झिजावे लागते. रोपवाटिकेत बियांवर उकळते पाणी ओततात आणि त्या त्याच पाण्यात निवेपर्यंत भिजू देतात. त्याहून जुना उपाय म्हणजे शेळ्यांच्या कोंडवाड्यातले बी गोळा करणे. शेळ्या शेंगा आवडीने खातात, रात्री रवंथ करताना बऱ्याच बिया थुंकून टाकतात, काही बिया पोटातून जाऊन लेंडीबरोबर पडतात. दोन्ही प्रकारच्या बिया झाडाखाली पडलेल्या बियांपेक्षा लवकर रुजतात.

पापनाशममध्ये या साध्या गोष्टीला वर्षाच्या शेतीचे चक्र येऊन मिळते. मेट्टूर धरण १९३४ साली पूर्ण झाले. तेव्हापासून कावेरीच्या त्रिभुज प्रदेशासाठी पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून आणि बंद करण्याची २८ जानेवारी. धरणात साठा नसेल तर ती चुकते, आणि चुकली की वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येते. जूनच्या पाण्यावर कुरुवै हे आखूड मुदतीचे भात, त्यामागोमाग तालडी, आणि कुरुवै न घेणाऱ्यांचे सांबा हे लांब मुदतीचे. इथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या परतीच्या मोसमात पडतो. जानेवारीत भात कापणीला आले की उभ्या पिकातच उडीद फेकतात. तो उरलेल्या ओलीवर मार्च-एप्रिलपर्यंत निघतो. मग जूनपर्यंत शिवार उघडे.

बाभळीच्या शेंगा पिकून गळतात त्या नेमक्या याच उघड्या महिन्यांत. आणि याच महिन्यांत रामनाथपुरम, शिवगंगा या कोरड्या जिल्ह्यांतले मेंढपाळ आपले कळप घेऊन त्रिभुज प्रदेशात उतरतात. शेतकरी त्यांच्या मेंढ्या-शेळ्या रात्री आपल्या शेतात बसवून घेतो आणि लेंडीखताच्या बदल्यात पैसे किंवा धान्य देतो. तमिळमध्ये या बसवण्याला किडै म्हणतात. महाराष्ट्रात धनगरांची मेंढरे शेतात बसवतात, तोच हा व्यवहार. दिवसभर कळप कालव्याच्या काठाने, नदीच्या भरावाने चरत येतो, वाटेत बाभळीच्या शेंगा गिळतो, आणि रात्री त्या बिया लेंडीसकट भाताच्या मोकळ्या खाचरात टाकतो. म्हणजे दर उन्हाळ्यात पापनाशमच्या शेतांत बाभळीची पेरणीच होते म्हणायची.

तरीही जुलैत शेतात एकही बाभूळ उभी नसते. पाणी येते, नांगरट होते, चिखलणी होते, रोपणी होते. उगवलेला कोंब चिखलात जातो, चुकून वाचलाच तर भांगलणीत उपटला जातो. बाभळीच्या रोपाला सावली सोसत नाही, आईच्या झाडाखालीही ते जोम धरत नाही, तेव्हा भाताच्या दाटीत वाढण्याचा प्रश्नच नाही. वाचते ते फक्त बांधावर पडलेले बी, कालव्याच्या उतारावरचे, रुळांच्या कडेचे, पंपाच्या खोलीमागचे. नांगर जिथे वळतो, त्या वळणाच्या पलीकडच्या हातभर जमिनीतले. तिथे रोप पहिल्याच वर्षी सोटमूळ खोल घालते, मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधून देतात, आणि निकृष्ट भरावाची मातीही त्याला पुरते.

जी जमीन कोणाची नाही

तमिळनाडूच्या महसुली भाषेत अशा जमिनीला पुरंबोक म्हणतात. कराच्या हिशोबाबाहेरची, सरकारी किंवा सामायिक वापराची जमीन. महाराष्ट्रातले गायरान आणि सरकारी पड या दोन्हींना व्यापणारा हा शब्द आहे. नदीचे पात्र, पात्राकाठचा भराव, तळ्याचा तळ, रस्त्याची कड, मसणवट हे सगळे पुरंबोक. इथल्या बाभळीचे नैसर्गिक निवासस्थान सांगायचे तर पुस्तकात लिहितात तसे 'शुष्क पानझडी वन' म्हणून चालत नाही. महसूल खात्याचा नकाशा उघडणे अधिक बरे. नांगराखालच्या जमिनीचे रंग संपतात तिथे बाभूळ सुरू होते.

बाभळीच्या नावातली नदी इथे कामाला येते. उसाला किंवा केळीला सोसणार नाही इतके दिवस मोठी बाभूळ पाण्यात उभी राहू शकते. पूर्वी सिंधमध्ये सिंधू नदीच्या पुराखाली जाणाऱ्या पट्ट्यांत तिची राखलेली बने होती. खारवट, चोपण जमीनही तिला चालते. तिला सोसत नाही ती गोठवणारी थंडी आणि सावली. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात तशी थंडी कधी पडत नाही. पात्र आणि मातीचा बंध यांच्यामधल्या पुराच्या पट्टीला इथे पडुगै म्हणतात. तिच्यात केळी, वेळू, भाजीपाला असतो, आणि लागवड सोडून दिलेल्या कोपऱ्यांत बाभळीचे झुडूप. पूर येतो, आठवडाभर राहतो, जातो. बाभूळ तिथेच असते.

तळ्यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची. पापनाशमचा तालुका मुख्यतः नदीच्या पाण्यावरचा, पण त्याच्या चहूकडे, विशेषतः त्रिभुज प्रदेशाच्या कडेला, पावसाचे पाणी अडवणारी मोठी उथळ तळी आहेत. ती वर्षातले काही महिने भरलेली आणि उरलेले महिने कोरडी असतात. अशा तळ्यांच्या पोटात बाभूळ लावण्याची रीत तमिळनाडूच्या वन खात्याने स्वीकारली. १९८१ पासून स्वीडनच्या मदतीने चाललेल्या सामाजिक वनीकरण प्रकल्पात तिला मोठाच जोर मिळाला. हिशोब सोपा होता: जमीन गावाची, पाणी आपोआप येणारे, जळण गावाला आणि दहा-एक वर्षांनी तोडीचा पैसा पंचायतीला. रोपे बुडू नयेत म्हणून तळ्यात मातीचे उंचवटे करून त्यांवर लावत. तळ्याखाली भिजणाऱ्या शेतांच्या मालकांना मात्र हे पटले नाही. झाडे गाळ धरून ठेवतात आणि तळ्यात पाणी मावेनासे होते, ही त्यांची तक्रार. दोघांचेही म्हणणे रास्त आहे. तळ्याचे काम पाणी साठवणे हेच मानले तर बाभूळ तिथे उपरी ठरते. तळ्याला गावाची सामायिक मालमत्ता मानले तर ठरत नाही.

पक्ष्यांनी हा वाद आपल्यापुरता केव्हाच मिटवला आहे. पाण्यात उभे काटेरी झाड म्हणजे मांजर आणि माणूस दोघांनाही न पोचणारी जागा. तिरुनेलवेलीकडच्या कूंतनकुळमच्या तळ्यात चित्रबलाक बाभळींवर घरटी बांधतात. पापनाशमहून फार दूर नसलेले, तंजावर-मन्नारगुडी रस्त्यावरचे वडुवूरचे तळे २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले, अरियलूर जिल्ह्यातले करैवेट्टि २०२४ मध्ये. दोन्ही मुळात सिंचनाची तळी, दोन्हींत लावलेल्या बाभळी, आणि हिवाळ्यात दोन्हींकडे पाणपक्ष्यांची गर्दी. वसाहत मोठी झाली की विष्ठेच्या थरांनी झाडे वाळतात, मग नव्याने लावावी लागतात.

करुवेल, वेळवेल आणि सीमैतून आलेली

तमिळमध्ये बाभूळ म्हणजे वेल. मराठी कानाला हा शब्द हटकून चकवतो, कारण आपली वेल ती वर चढणारी. तमिळमध्ये वेल म्हणजे मुरुगनच्या हातातला भालाही. पापनाशमहून कुंभकोणमकडे जाताना लागणाऱ्या स्वामीमलैच्या टेकडीवर त्याचे मोठे स्थान आहे, तेव्हा काटेरी झाड आणि देवाचे शस्त्र एकाच उच्चाराने ओळखले जावे याचे इथे कोणाला नवल वाटत नाही. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांबरोबर आलेल्या आणि १८५५ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावरही राहिलेल्या मराठी घराण्यांनी घरात मराठी जपली. पण दख्खनची बाभूळ आणि इथली वेल हे एकच झाड आहे हे कळायला शब्दांच्या पलीकडे काट्यापर्यंत जावे लागते.

काळ्या सालीची ती करुवेल, म्हणजे आपली बाभूळ. पांढुरक्या सालीची ती वेळवेल, म्हणजे हिवर. हिवराची फुले मोठ्या विरळ तुऱ्यांत, पिवळसर पांढरी असतात. त्याची साल दारू गाळताना वापरत, त्यावरून तमिळमध्ये गावठी दारूला सालीची दारू असे नावच पडले. छत्रीसारख्या सपाट माथ्याची कुडैवेल ही दक्षिणेकडच्या कोरड्या जिल्ह्यांची. कुडै म्हणजे छत्री. पापनाशमच्या ओल्या जमिनीत ती फिरकत नाही.

चौथी सीमैकरुवेल. सीमै म्हणजे विलायत. ही बाभूळ नव्हेच. मेक्सिकोकडून आलेले प्रोसोपिस जुलिफ्लोरा, शमीचे परदेशी भावंड. मद्रास इलाख्यात १८७७ साली कडप्प्याजवळ कमलापुरमला ते जळणासाठी लावले गेले. महाराष्ट्रात तिलाही आता वेडी बाभूळ म्हणतात, त्यामुळे कुकची वेदियाना आणि ही परकी झाडी यांचा घोळ होतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. फूल गोल गोंड्यात असेल तर बाभूळ, लांबट तुऱ्यात असेल तर विलायती. शेंग मण्यांची माळ असेल तर बाभूळ, सरळ पिवळट काडी असेल तर विलायती. नावात फक्त एका विशेषणाचा फरक असला की तोडणारा हात गोंधळतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाने २०१७ मध्ये सीमैकरुवेल उपटण्याचे आदेश दिले. अशा मोहिमांत सरसकट यंत्र फिरते तेव्हा करुवेलही तिच्याबरोबर जाते, कारण दोघींची जागा एकच, तीच बिनमालकीची कड.

खरी झुडपे म्हणावीत अशी भावंडे वेगळीच. मरमट हे त्यांतले सर्वांत देखणे. चार-सहा हात उंचीचे, विरळ पानांचे, आणि काटे इतके लांब, गुळगुळीत व पांढरे की झुडूप दुरून फुललेले वाटावे. शेंगा चपट्या, अरुंद, वाकड्या. त्याला खडकाळ, कोरडी जमीन लागते; त्रिभुज प्रदेशाचा गाळ संपून तंजावरच्या नैर्ऋत्येला वल्लमची तांबडी चढण लागते, तसल्या भूमीचे हे झुडूप. दुसरे गुबाभूळ. हे मूळचे अमेरिकेतले, पण इथे इतके रुळलेले की परके वाटत नाही. फुलांचा वास इतका सुंदर की दक्षिण फ्रान्समध्ये त्याचे अत्तर काढतात, आणि लाकूड-मुळांचा वास मराठी नाव सांगते तसा. तमिळ नावाचा अर्थही अगदी तोच. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच शिवी दिली आहे.

तरंगमबाडीचे डॉक्टर

मरमटाला शास्त्रीय नाव मिळाले ते पापनाशमहून शंभर किलोमीटरच्याही आत असलेल्या किनाऱ्यामुळे. तरंगमबाडीचे बंदर १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाने डेन्मार्कच्या लोकांना दिले. तिथल्या मिशनमध्ये १७६८ साली योहान गेरहार्ड क्योनिग हे डॉक्टर दाखल झाले. ते वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचे विद्यार्थी. त्यांनी या किनाऱ्यावरची झाडे वाळवून युरोपात धाडली, आणि लिनियसच्या मुलाने १७८१ च्या पुरवणीत त्यांतली कितीतरी नोंदवली. हस्तिदंती काट्यांचे म्हणून मरमटाला 'एबुर्निया' आणि बुडाशी फुगलेल्या भयंकर काट्यांच्या एका झुडपाला 'लॅट्रोनम', म्हणजे दरोडेखोरांचे, अशी नावे पडली.

त्या काळी ही सगळी मिमोसा, म्हणजे लाजाळूच्या गोतावळ्यातली धरली जात. नंतर ती अकेशिया झाली, आणि दोनशे वर्षे जगभर बाभूळ म्हणजे अकेशिया हे समीकरण टिकले. १८३४ मध्ये रॉबर्ट वाइट आणि आर्नोट यांनी दक्षिण भारताच्या वनस्पतींचा ग्रंथ काढताना गुबाभळीसाठी व्हॅचेलिया हे वेगळे नाव सुचवले. ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. चीनच्या किनाऱ्यावर झाडे गोळा करणाऱ्या व्हॅचेल नावाच्या पाद्र्याचे ते स्मारक होते. पुढे अकेशिया हा गट एकसंध नाही असे ठरले आणि तो फोडायचा म्हटल्यावर मूळ नाव कोणाकडे राहावे यावरून भांडण झाले. नियमाने ते बाभळीचे, कारण मूळ नमुना तीच होती. पण जवळजवळ एक हजार जाती ऑस्ट्रेलियाच्या, आणि वॉटल हे त्यांचे राष्ट्रीय फूल. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेने नाव ऑस्ट्रेलियाला दिले, २०११ मध्ये मेलबर्नने त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि बाभळीसाठी अडगळीतली व्हॅचेलिया शोधून काढावी लागली. ज्या झाडावरून घराण्याला नाव पडले त्यालाच घराबाहेर काढण्याचा हा प्रकार आफ्रिका आणि भारतातल्या अनेक शास्त्रज्ञांना रुचला नाही, आणि त्यांचे चुकले असे म्हणवत नाही.

वॉटल या शब्दाचाही एक मजेदार दुवा आहे. इंग्रजीत वॉटल म्हणजे कूड. काटक्या विणून त्यांवर माती लिंपलेली भिंत. ऑस्ट्रेलियात गेलेल्या पहिल्या वसाहतवाल्यांनी तिथल्या अकेशियाच्या फांद्या कुडासाठी वापरल्या आणि झाडाला तेच नाव चिकटले. मराठीत म्हणायचे तर त्या झाडाचे नाव 'कुडाचे झाड' पडले.

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी महाग पडली. ऑस्ट्रेलियाची काळी वॉटल निलगिरीत साल आणि जळणासाठी आणली गेली, आणि तिने तिथली डोंगरमाथ्याची गवताळ कुरणे गिळायला घेतली. भारतीय उपखंडातली बाभूळ १८९० च्या दशकात क्वीन्सलँडमध्ये मेंढ्यांना सावली म्हणून लावली गेली. आज तिथे साठ लाखांहून अधिक हेक्टर गवताळ प्रदेश तिने व्यापला आहे. तिथे ती राष्ट्रीय महत्त्वाचे तण गणली जाते. तिला खाणारे कीटक शोधत ऑस्ट्रेलियाचे संशोधक भारतात आले आणि कोइंबतूरच्या वन आनुवंशिकी संस्थेबरोबर त्यांनी तमिळनाडूतल्या करुवेलींची पाहणी केली. फांद्या वाळवणारा खवलेकीटक सापडला, पाने गुंडाळणारी अळी सापडली. चाचणीत मात्र ते ऑस्ट्रेलियाच्या स्वतःच्या वॉटलवरही जगू लागले, म्हणून सोडता आले नाहीत. पापनाशमच्या बांधावर बाभळीला आवर घालणाऱ्या गोष्टींत नांगर आणि शेळीबरोबर हे कीटकही असतात, इतकेच त्या पाहणीतून इथल्यापुरते हाती लागते.

साल, डिंक, लाकूड, काटा

बाभळीचे आतले लाकूड तांबूस, जड आणि चिवट. बैलगाडीच्या चाकाचे आरे आणि तुंबा, नांगर, कुळव, मुसळ, घाण्याची लाट, जिथे घाव सोसायचा तिथे बाभूळ. ट्रॅक्टर आणि लोखंडी चाके आल्यावर यातले बहुतेक काम संपले, आणि आज तोडलेली बाभूळ जाते ती जळणाला किंवा कोळशाला. तिचा कोळसा मंद आणि पुष्कळ वेळ धगधगतो. सालीत बारा ते वीस टक्के टॅनिन असते. उत्तरेत कातडी कमावण्यासाठी ती महत्त्वाची ठरली. तमिळनाडूच्या चर्मकारांनी मात्र तरवडाची साल पसंत केली, कारण तिने कातडे फिके आणि मऊ निघते.

दातांच्या बाबतीत तमिळ आणि मराठी एकमत आहेत. वड आणि बाभूळ दात बळकट करतात, अशी तमिळ म्हण आहे, आणि सिद्ध वैद्यांच्या दंतमंजनात बाभळीची साल हमखास असते. साल तुरट, हिरड्या आवळणारी. डिंकाचे तसे नाही. खोडाला इजा झाली की डिंकाचे तांबूस थेंब गोठतात. व्यापारात 'अरबी डिंक' म्हणून नावाजलेला माल आफ्रिकेतल्या दुसऱ्याच झाडाचा, बाभळीचा डिंक त्याहून गडद. मराठी घरात बाळंतिणीसाठी आणि थंडीसाठी डिंकाचे लाडू होतात. कावेरीकाठी बाभळीच्या खोडावरचा डिंक बहुधा तिथेच सुकून मातीत पडतो.

सर्वांत जास्त उपयोग मात्र सर्वांत स्वस्त भागाचा होतो. जूनमध्ये पाण्याची चाहूल लागली की कोपऱ्यातल्या वाफ्यात भाताचे रोप टाकतात. कोवळ्या रोपावर गावातल्या शेळ्यांचा डोळा असतो, म्हणून वाफ्याभोवती बाभळीच्या काटेरी फांद्या दाबून बसवतात. फांद्या जवळच्याच बांधावरून तोडलेल्या, अर्धवट वाळलेल्या, बऱ्याच जणींवर करड्या शेंगा अजून लोंबत असतात. महिन्याभरात रोपे उपटून खाचरात जातात, फांद्या ओढून चुलीकडे नेतात. गळलेले बी बांधाच्या कडेला राहते.